गोचीड आवरण्यासाठी वनस्पतींचे अर्क : कोल्हापूरच्या गोठ्यांसाठी कृती आणि वेळापत्रक

जनावराच्या अंगावर दिसतात ते गोचीड एकूण गोचिडांचा थोडाच भाग असतात. बाकीचे अंड्यांच्या आणि पिलांच्या रूपाने गोठ्याच्या भेगांत, गव्हाणीच्या बुडाशी आणि बांधावरच्या गवतात असतात. वनस्पतींचा अर्क कुठे आणि किती वेळा वापरायचा, हे यावरूनच ठरते. कडुनिंबाचा अर्क एरंडाच्या बीसारख्या टपोऱ्या फुगलेल्या मादीला जागच्या जागी मारत नाही. त्याचा खरा परिणाम पिलांवर, त्यांच्या कात टाकण्यावर आणि मादीच्या अंडी घालण्यावर होतो. त्यामुळे आज फवारून उद्या गोचीड गळून पडण्याची वाट पाहणाऱ्याला अर्क कुचकामी वाटतो. दर आठवड्याला जनावर आणि गोठा या दोन्हींवर न चुकता वापरणाऱ्याला मात्र महिन्याभरात फरक दिसू लागतो.

आपल्याकडे गाई-म्हशींवर प्रामुख्याने दोन प्रकारचे गोचीड आढळतात. पहिला रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, ज्याला जुन्या पुस्तकांत बूफिलस म्हणत. हा पिलू असताना जनावरावर चढतो, तिथेच दोनदा कात टाकतो आणि सुमारे तीन आठवड्यांनी पूर्ण फुगलेली मादी खाली पडते. खाली पडलेली मादी ओलसर, अंधारी जागा शोधते, तिथे दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. हवामानानुसार काही आठवड्यांत अंड्यांतून सहा पायांची पिले निघतात आणि जनावर मिळाले नाही, तरी ती महिनोन्‌महिने उपाशी तग धरतात. दुसरा प्रकार हायलोमा. याचे पाय लांब आणि पट्टेदार असतात, आणि कात टाकण्यासाठी तो जनावरावरून उतरून भिंतीच्या भेगांत शिरतो. संकरित गाईंना होणारा थायलेरिया हा ताप हाच गोचीड पसरवतो, तर लाल लघवीचा बबेसिया पहिल्या प्रकारच्या गोचिडामुळे होतो. या दोन सवयी ध्यानात ठेवल्या की पुढची कृती का अशी आहे ते आपोआप कळते.

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेचा आणि पूर्वेचा भाग या बाबतीत सारखा नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात पावसाळाभर अंगावर फवारलेले काहीही टिकत नाही, शिवाय जनावरे डोंगरकुरणात चरत असल्याने रोज नवे गोचीड घेऊन येतात. तिथे जून ते सप्टेंबर या काळात भर गोठ्याच्या आतल्या बाजूवर आणि हाताने वेचण्यावर द्यावा, अंगावरचे फवारे उघडिपीसाठी राखून ठेवावेत. शिरोळ-हातकणंगले भागात जनावरे बहुतेक दावणीला असतात आणि वैरण कापून आणली जाते. तिथे गोचिडांचे आगर गोठा हेच असते. तिथला गोठा मनापासून साफ केला, तर निम्मी लढाई तिथेच संपते.

गोठ्याची तयारी

अर्क तयार करण्याच्या आदल्या दिवशी गोठा पाहून घ्यावा. बॅटरी घेऊन गव्हाणीच्या मागच्या भिंतीकडे, जमीन आणि भिंत जिथे मिळते त्या कडेला आणि दावणीच्या खुंट्यांच्या बुडाशी पाहावे. भेगेत वाकवलेली तार घालून आतली माती ओढली, की बऱ्याचदा तिच्याबरोबर तपकिरी, चकाकणाऱ्या अंड्यांचे पुंजके आणि वाळून गेलेल्या माद्यांची टरफले बाहेर येतात. ही माती झाडून उकिरड्यावर टाकू नये, कारण तिथून पिले परत येतात. ती पत्र्याच्या डब्यात घेऊन त्यावर उकळते पाणी ओतावे. खरवडलेल्या भेगांत आधी अर्क मारावा आणि वाळल्यावर सिमेंटने किंवा चिखल-शेणाच्या घट्ट गाऱ्याने त्या बुजवाव्यात. भिंतीला चुना द्यावा. जुन्या घरांत सोप्याला लागूनच दगड-मातीच्या भिंतीचा गोठा असतो, तिथे हे काम एका दिवसात होत नाही. एका आठवड्यात एक भिंत असे धरून चालावे.

भेगा जाळून काढण्यासाठी ज्योतीची बंदूक वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गोठा सिमेंटचा आणि पूर्ण मोकळा असेल तर तो ठीक आहे. पण छपरावर उसाचे पाचट आणि माळ्यावर कडबा असलेल्या गोठ्यात हा उद्योग करू नये. परड्यात देशी कोंबड्या असतील तर त्यांना दिवसा गोठ्यात मोकळे सोडावे, त्या खाली पडलेले गोचीड आवडीने टिपतात.

निंबोळीचा अर्क

सर्वांत भरवशाचा अर्क निंबोळीच्या गराचा असतो, पाल्याचा नव्हे, कारण अझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक बीच्या गरात सर्वाधिक असतो. अडचण अशी की निंबोळ्या पिकतात जून-जुलैमध्ये, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे पाऊस सुरू होतो. ओल्या निंबोळीला बुरशी लागली की तिचा उपयोग संपला. म्हणून पिकून पडलेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचाव्यात, पाण्यात चोळून वरचा गोड गर काढून टाकावा आणि बिया छपराखाली वाऱ्यावर पातळ पसरून वाळवाव्यात. कडक उन्हात घालू नयेत, उन्हाने हा घटक नासतो. वाळलेल्या बिया गोणपाटात किंवा टोपलीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या घाम धरतात. बी फोडल्यावर आतला गर हिरवट-पिवळा दिसला तर माल चांगला, काळा पडलेला असेल तर टाकून द्यावा. वर्षाहून जुन्या बियांवर विसंबू नये.

पाच लिटर अर्कासाठी वाळलेल्या बिया फोडून आतला २५० ग्रॅम गर घ्यावा. तो खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड कुटावा. फार बारीक केला तर तेल सुटून गोळा होतो. ही भरड सुती कापडात सैल बांधून एक लिटर साध्या पाण्यात रात्रभर, म्हणजे सुमारे १२ तास, बुडवून ठेवावी. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा पिळावी, पाणी दुधट होईपर्यंत. मग ते दुहेरी फडक्यातून गाळावे, पाणी घालून पाच लिटर करावे आणि शेवटी १० ग्रॅम साधा साबण कोमट पाण्यात विरघळवून मिसळावा. साबणामुळे अर्क केसांवर न घसरता कातडीपर्यंत पोहोचतो. हा झाला पिकांवर वापरतात तोच पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. कुठल्याही टप्प्यावर तो उकळू नये आणि केलेल्या दिवशीच संपवावा, दुसऱ्या दिवशी त्याची ताकद उतरते.

शिरोळच्या क्षारपड भागातील बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी जड असते. त्यात साबण फुटतो, वर साय धरते आणि पंपाची तोटी तुंबते. अशा ठिकाणी नदीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे.

पाल्याचे मिश्रण

निंबोळ्या साठवलेल्या नसतील, तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुवैद्यकाखाली प्रसृत केलेले मिश्रण करता येते. त्यासाठी लसणाच्या १० पाकळ्या, मूठभर कडुनिंबाचा पाला, मूठभर निंबोळ्या, १० ग्रॅम वेखंड, २० ग्रॅम हळद, मूठभर घाणेरीचा पाला आणि मूठभर तुळशीचा पाला लागतो. ताज्या निंबोळ्या हंगामाबाहेर मिळत नाहीत, तेव्हा साठवलेल्या बिया घ्याव्यात. वेखंड काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, बाकी सगळे परड्यात आणि बांधावर आहे. हे सर्व एकत्र वाटून एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवावे, मलमलीच्या कापडातून गाळावे आणि फवारावे किंवा फडके बुडवून अंगाला चोळावे. आठवड्यातून एकदा, उघडीप असताना, गोचीड आटोक्यात येईपर्यंत हे करायचे असते. ओढ्याकाठी निर्गुडी भरपूर असेल तर तिचा पाला माशा-डासांसाठी गोठ्यात धुरीला वापरता येतो; गोचिडांसाठी मी तिला मुख्य औषध मानत नाही.

एक गोष्ट इथे बजावून सांगितली पाहिजे. घाणेरीचा पाला जनावराच्या पोटात गेला तर यकृत बिघडते, कावीळ होते आणि पुढे कातडी उन्हाने सोलवटते. त्यामुळे गाळून उरलेला चोथा गव्हाणीजवळ टाकू नये, खड्ड्यात पुरावा. वाटणाची भांडी घरच्या स्वयंपाकाची नसावीत, हे वेगळे सांगायला नको.

करंजाचे तेल

ज्यांना वाटण-गाळण जमत नाही, त्यांना तेल सोपे पडते. घाण्याचे शुद्ध करंज तेल किंवा निंबोळी तेल, किंवा दोन्ही समभाग, २० मिलिलिटर घ्यावे. त्यात ५ मिलिलिटर पातळ साबण घालून काडीने घोटावे आणि मग ढवळत ढवळत एक लिटर कोमट पाणी थोडे थोडे करून सोडावे. क्रम उलटा केला, म्हणजे पाण्यात तेल ओतून मग साबण घातला, तर तेल वर तरंगते. मिश्रण दुधासारखे एकजीव झाले पाहिजे. पाच मिनिटांनी वर तेलाचे थेंब दिसले तर थोडा साबण वाढवावा. फवारताना पंप मधून मधून हलवत राहावा. नुसते तेल अंगाला कधीही चोळू नये, विशेषतः उन्हात उभ्या राहणाऱ्या जनावराला, कारण त्याने कातडी भाजते.

जे वापरू नये

वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज गोठ्यात फार महागात पडतो. निपाणीकडचा तंबाखू आपल्याकडे सहज मिळतो आणि तंबाखूच्या काढ्याने गोचीड मरतातही. पण त्यातले निकोटिन कातडीतून आणि चाटण्यातून जनावराच्या अंगात भिनते, फवारणाऱ्याच्याही. माझ्या मते हा उपाय जनावरावर करूच नये. सीताफळाच्या बियांची पूड कीटकांवर जबर आहे, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. वापरायचीच तर फक्त भिंतीच्या भेगांत, चष्मा आणि हातमोजे घालून. कण्हेरीला तर हातच लावू नये. रॉकेल, गाडीचे जळके तेल आणि शेतातली कीटकनाशके यांचा वनस्पतींशी संबंध नाही, पण मोबाईलवर फिरणाऱ्या प्रत्येक ‘घरगुती’ कृतीत त्यांतले एखादे असतेच, म्हणून उल्लेख केला.

फवारणी

पहिली अट पंपाची. ज्या पंपाने तणनाशक मारले आहे, तो कितीही धुतला तरी जनावरासाठी वापरू नये. हातातला छोटा पंप या कामाला वेगळा ठेवावा. दुसरी अट चाचणीची. पहिल्यांदा अर्क वापरताना मानेवर तळहाताएवढ्या भागावर लावून एक दिवस वाट पाहावी. कातडी लाल झाली, सुजली किंवा जनावर तिथे सारखे घासू लागले, तर अर्क निम्म्याने पातळ करावा किंवा तो सोडून द्यावा. जखमा असलेल्या, तापलेल्या किंवा नुकत्या व्यालेल्या जनावरावर आणि अगदी लहान वासरा-रेडकांवर फवारा मारू नये. वासराचे गोचीड हाताने काढावेत.

सकाळची धार झाल्यावर लगेच फवारावे, म्हणजे संध्याकाळच्या धारेपर्यंत अंग वाळते आणि वास उतरतो. लसणाचा आणि निंबोळीचा वास दूध पटकन धरते. डेअरीवर दूध वासावरून परत आले की कडुनिंबाचे सगळे गुण घरात कुणाला पटत नाहीत! म्हणून संध्याकाळी धारेपूर्वी कास आणि सड कोमट पाण्याने धुऊन पुसावेत. मोठ्या गाईला पूर्ण भिजवायला अडीच-तीन लिटर अर्क लागतो. पाठीवर फवारा मारून समाधान मानू नये, कारण गोचीड तिथे कमीच असतात. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीच्या घड्यांत, पुढच्या पायांच्या बेचक्यात, जांघेत, कासेच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी फडके बुडवून हाताने लावावे. कानात पिचकारी सोडू नये. डोळे, नाकपुड्या आणि तोंड टाळावे. अंग वाळेपर्यंत जनावर आखूड दाव्याने बांधावे, म्हणजे ते स्वतःला किंवा शेजारच्याला चाटणार नाही.

फुगलेल्या माद्या अर्काच्या भरवशावर सोडू नयेत. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढाव्यात आणि उकळत्या पाण्यात टाकाव्यात. नखाने किंवा पायाखाली चिरडण्याची आपली जुनी सवय मोडली पाहिजे. हायलोमा गोचीड क्रिमियन-काँगो हा माणसाचा जीवघेणा ताप पसरवतो, आणि त्याचा संसर्ग गोचिडाच्या रक्तातूनही होतो. २०११ साली गुजरातमध्ये या रोगाने माणसे दगावली आहेत. वेचताना हातमोजे घालावेत.

उरलेला अर्क आणि पंप धुतलेले पाणी ओढ्यात सोडू नये. करंज आणि कडुनिंब दोन्ही माशांना घातक आहेत.

आपला अर्क चालतो का, हे तपासणे

घरच्या अर्काची ताकद बीच्या प्रतीनुसार बदलते, म्हणून दुसऱ्याचा अनुभव आपल्या बादलीला लागू होईलच असे नाही. प्रयोगशाळेत मादी गोचीड औषधात बुडवून जी परीक्षा करतात, तिचे साधे रूप घरी करता येते. गोचिडांच्या २० टपोऱ्या माद्या, सकाळी गोठ्यात खाली पडलेल्या किंवा अंगावरून अलगद काढलेल्या, न दुखावता गोळा कराव्यात. दहा माद्या अर्कात आणि दहा साध्या पाण्यात पाच मिनिटे बुडवाव्यात. मग कागदावर कोरड्या करून दोन वेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवाव्यात आणि तोंडाला दाट विणीचे कापड दोन पदरी ताणून बांधावे. बरण्यांवर चिठ्ठी लावून त्या सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात.

तीन-चार दिवसांत पाण्याच्या बरणीतल्या माद्या अंडी घालू लागतात आणि दोन आठवड्यांत त्यांच्याभोवती अंड्यांचा ढीग होतो. अर्काच्या बरणीत माद्या चालताना दिसल्या म्हणून निराश होऊ नये. पाहायचे ते अंड्यांकडे. ढीग स्पष्टपणे लहान असेल, अंडी सुकलेली, एकमेकांना न चिकटलेली असतील, तर अर्क काम करतो. दोन्ही बरण्या सारख्याच दिसल्या तर बिया जुन्या आहेत किंवा अर्क पातळ झाला आहे. दोन आठवड्यांनंतर बरण्या ठेवू नयेत, कारण अंडी फुटली की बारीक पिले कापडातूनही निसटतात. दोन्ही बरण्यांत उकळते पाणी ओतावे.

गोठ्यातला परिणामही मोजूनच पाहावा. एक जनावर ठरवून त्याच्या फक्त डाव्या अंगावरचे अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे गोचीड फवारणीपूर्वी मोजावेत आणि कॅलेंडरवर आकडा लिहावा. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच बाजूने, माद्या वेचण्याच्या आधी मोजत गेले की अंदाजपंचे बोलण्याची गरज राहत नाही.

किती आठवडे

जनावरावर रिपिसेफॅलस गोचिडाची पिलू, मधली आणि प्रौढ या तिन्ही अवस्था साधारण आठवड्याच्या अंतराने बदलतात. म्हणून आठवड्याला एक याप्रमाणे निदान चार फवारण्या सलग केल्या, तर प्रत्येक पिढी कुठल्या ना कुठल्या कात टाकण्याच्या वेळी अर्काखाली येते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आकड्यात घट दिसायला हवी. गोठ्याच्या भिंती आणि जमीन मात्र सहा आठवडे दर आठवड्याला संध्याकाळी फवारावी, कारण अंड्यांतून पिले मागाहून निघत राहतात. एक फेरी मे महिन्यात, पावसाआधी, आणि दुसरी परतीचा पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास करावी.

अंगावर गोचिडांचे थर असतील, जनावर खंगले असेल, तर अर्काने सुरुवात करून दिवस घालवू नयेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत रासायनिक औषध एकदा वापरावे आणि आठवड्यानंतर अर्काची फेरी धरावी. दोन्ही एकाच दिवशी मिसळू नयेत. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांना भारतात अनेक ठिकाणी गोचीड दाद देईनासे झाले आहेत, त्यामुळे तेच औषध मात्रा वाढवून पुन्हा पुन्हा मारणे व्यर्थ आणि धोक्याचे आहे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या जनावराला परस्पर देऊ नये, ते दुधात उतरते. अर्काची खरी जागा आहे ती दोन रासायनिक औषधांमधले अंतर लांबवण्यात.

आणि गोचिडाने दिलेला रोग अर्काने बरा होत नाही. ताप १०४ अंशांवर गेला, खांद्यापुढची गाठ सुजली, लघवी कॉफीसारखी झाली, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्या, दूध एकाएकी आटले, तर यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. त्याच दिवशी दूध संघाच्या डॉक्टरांना बोलवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करावा. थायलेरियावर आणि बबेसियावर वेगवेगळी औषधे आहेत, रक्त तपासून ती द्यावी लागतात.

वडगावच्या बाजारातून किंवा पाहुण्यांकडून नवे जनावर आणले, तर ते थेट दावणीत बांधू नये. तीन आठवडे परड्यात वेगळे ठेवावे, पहिल्याच दिवशी कान आणि जांघा तपासून गोचीड वेचावेत, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा अर्क लावावा आणि ती जागा नंतर झाडून तिथला केर जाळावा.